पक्ष्याच्या पायात वळं घालणारा माणूस : डॉ. सलीम अली

राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह साजरा होतो. शाळेत पोरं चित्रं काढतात, वनखात्याचे लोक त्यांना तळ्यावर नेतात, मोबाईलवर शुभेच्छांचे फोटो फिरतात. यातला शेवटचा दिवस म्हणजे १२ नोव्हेंबर, डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. किडकिडीत अंगाचा, पांढऱ्या दाढीचा, गळ्यात दुर्बीण अडकवलेला म्हातारा एवढंच त्यांचं चित्र बहुतेकांच्या डोळ्यासमोर असतं. पण त्यांच्या आयुष्यात एक काम असं आहे, ज्याचा संबंध थेट गावातल्या तापाशी, डासाशी आणि गोचिडाशी आहे. दुरून उडत येणारा पक्षी आपल्यासोबत रोग घेऊन येतो का, हे शोधायचं ते काम. त्याच कामापायी उतारवयात त्यांच्याकडे संशयाने पाहिलं गेलं.

खेतवाडीचा पोरका पोरगा

सलीम अली यांचा जन्म १८९६ सालचा, मुंबईतला. एक वर्षाचे होते तेव्हा वडील गेले, तीन वर्षांचे झाले तेव्हा आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी ही सगळी भावंडं खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवली. मामा शिकारीचे शौकीन. घरात बंदुका, शिकारीच्या गप्पा. पोरालाही छऱ्याची बंदूक मिळाली आणि तो चिमण्या टिपू लागला.

एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही चिमणी नेहमीसारखी नाही, हे पोराच्या लक्षात आलं. मामांनाही नाव सांगता येईना. त्यांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. ही संस्था १८८३ पासून मुंबईत प्राणी, पक्षी, झाडं यांचा अभ्यास करत होती. तिथले सचिव मिलार्ड साहेब होते. त्यांनी पोराला हाकलून दिलं नाही. ती रानचिमणी आहे हे सांगितलं आणि कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. त्या दिवशी शिकारी पोराचा अभ्यासक व्हायला सुरुवात झाली.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. शाळेत डोकेदुखीने बेजार. १९१३ ला मॅट्रिक झाले, कॉलेजात मन रमलं नाही, म्हणून घरच्यांचा खाणीचा आणि लाकडाचा धंदा बघायला ब्रह्मदेशात गेले. तिथेही धंद्यापेक्षा जंगलातच जास्त फिरले. परत येऊन हिशेबाचं शिकले, सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले, पण पदवी हाती नव्हती. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पदवी नाही म्हणून सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यातली नोकरी हुकली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगणाऱ्या गाईडची जागा मिळाली.

दोनच वर्षांत ते रजा काढून जर्मनीला गेले. बर्लिनच्या संग्रहालयातले स्ट्रेसेमान हे पक्षीशास्त्रातलं मोठं नाव, त्यांच्या हाताखाली शिकले. तिकडेच हेलिगोलँड नावाच्या बेटावर त्यांनी एक नवी गोष्ट पाहिली. तिथे पक्षी जाळ्यात धरायचे, त्यांच्या पायात नंबर कोरलेलं हलकं वळं घालायचं आणि सोडून द्यायचं. पक्षी मारायचा नाही. तो पुढे कुठे सापडला तर नंबरावरून कळतं, कुठून निघाला आणि कुठे पोचला. शिकारीपासून सुरुवात केलेल्या माणसाला ही रीत मनापासून पटली.

किहीमची सुगरण

१९३० ला परत आले तर नोकरी गेलेली. म्युझियमकडे पैसा नाही म्हणून जागाच रद्द झाली होती. मुंबईत राहणं परवडेना. नवरा-बायको अलिबाग तालुक्यातल्या किहीमला येऊन राहिले. समोर समुद्र, मागे नारळी-सुपारीच्या वाड्या. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकार माणसाने काय करावं? त्यांनी मचाण बांधलं आणि रोज तासनतास सुगरणीची घरटी बघत बसले.

खोप्याची कारागीर मादी, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानलं जातं. पक्ष्याचं नावसुद्धा सुगरण. सलीम अली यांनी बघून नोंदवलं, की खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येते, तपासते, पसंत पडला तर राहते. मग नर उरलेलं काम पुरं करतो आणि लगेच दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. किहीमच्या त्या अभ्यासाने त्यांचं नाव झालं. ऐकीव गोष्ट बाजूला ठेवायची, स्वतः बघायचं, तारीख-वेळ लिहून ठेवायची, ही सवय तिथे पक्की झाली. पुढे रोगाच्या कामात हीच सवय उपयोगी पडली.

त्यानंतर त्यांनी निरनिराळ्या संस्थानांत फिरून पक्ष्यांची पाहणी केली. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन असं देशभर हिंडणं. तेहमिना बरोबर असायच्या, मुक्कामाची सगळी व्यवस्था बघायच्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. मूलबाळ नव्हतं. सलीम अली यांनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण आणि मेहुण्यांकडे राहिले आणि सगळं आयुष्य कामात घातलं. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. ते इतकं चाललं की त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत राहिल्या.

क्यासनूरची माकडं

१९५७ साल. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातला शिमोगा जिल्हा. तिथल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडायला लागली. पाठोपाठ जंगलात लाकडं, पाला आणायला जाणारी माणसं तापाने फणफणली. कुणाच्या नाकातोंडातून रक्त आलं, काही दगावली. पुण्यात तेव्हा विषाणू संशोधन केंद्र होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी ते १९५२ मध्ये सुरू केलेलं, आज त्याला राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणतात. तिथले डॉक्टर गेले, मेलेली माकडं तपासली, रोग्यांचं रक्त तपासलं आणि नवा विषाणू सापडला. तो पसरवणारा होता गोचीड. हाच तो माकडताप.

आता खरी गंमत पुढे होती. हा विषाणू रशियातल्या जंगलात गोचिडामुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. कुठे सायबेरिया आणि कुठे शिमोगा! हजारो किलोमीटरचं अंतर, मधे हिमालय. मग तो इथे आला कसा? दर हिवाळ्यात सायबेरियातून आपल्याकडे येतं कोण? पक्षी. त्यांच्या अंगावर चिकटून गोचीड आला असेल का? किंवा त्यांच्या रक्तातून विषाणू आला असेल का?

जागतिक आरोग्य संघटनेला याचं उत्तर हवं होतं. देशात पक्ष्यांच्या येण्या-जाण्याची सगळ्यात जास्त माहिती बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे होती आणि तिथे होते सलीम अली. १९५९ च्या सुमारास संघटनेच्या पैशाने सोसायटीने पक्षी स्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला. सलीम अली तेव्हा साठी ओलांडलेले.

वळं काय सांगतं

कच्छ, राजस्थानातलं भरतपूर, तामिळनाडूच्या टोकाचं पॉइंट कॅलिमेर अशा ठिकाणी तळ पडले. पक्षी धरायला बिहारचे मीर शिकारी बोलावले. पिढ्यान् पिढ्या पक्षी पकडण्याचाच त्यांचा धंदा. पंख न मोडता जिवंत पक्षी कसा धरायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. शिकलेले अभ्यासक आणि अंगठेबहाद्दर शिकारी एका तंबूत काम करू लागले.

धरलेल्या पक्ष्याची जात, वजन, पंखाची लांबी, तारीख, ठिकाण हे सगळं वहीत उतरवायचं. अंगावर गोचीड असेल तर काढून बाटलीत ठेवायचा, रक्ताचा नमुना घ्यायचा आणि पुण्याच्या केंद्राकडे पाठवायचा. मग पायात अॅल्युमिनियमचं वळं. वळ्यावर नंबर आणि सापडल्यास मुंबईच्या सोसायटीला कळवा, अशी विनंती. पक्षी सोडला की काम झालं. आता वाट बघायची.

अशी हजारो वळी घातली, तेव्हा त्यातली थोडीच परत कळतात. पण कळली ती मोलाची. भरतपूरला वळं घातलेली बदकं सायबेरियात आणि कझाकस्तानात सापडली. तिकडच्या शिकाऱ्याने, शेतकऱ्याने नंबर कळवला म्हणून हे समजलं. पक्षी कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात येतात-जातात याचा नकाशा हळूहळू तयार झाला.

आणि माकडताप? पक्ष्यांनी तो सायबेरियातून आणला, असा पुरावा काही मिळाला नाही. विषाणू बहुधा त्या जंगलात आधीपासूनच होता. माणसाने जंगल तोडून शेती केली, गुरं आत चरायला नेली. गुरांच्या रक्तावर गोचीड वाढले आणि जंगलातला रोग माणसाच्या दारी आला, असं अभ्यासक मानतात. म्हणजे दोष पाहुण्या पक्ष्यावर ठेवला जात होता आणि कारण घराजवळच होतं. ज्यांनी पक्षी मारला नाही, पकडून, तपासून सोडून दिला, त्यांच्या कामामुळे हे तपासून बघता आलं.

संशयाची वर्षं

पुढे आरोग्य संघटनेचा पैसा थांबला. काम चालू ठेवायला दुसरा पैसा आला तो अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन योजनेतून. आशियाभर पक्षी आणि त्यांचे रोग यांची पाहणी करणारी ती योजना बँकॉकमधून चालायची. अमेरिकेला तेव्हा व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या आपल्या सैनिकांच्या आरोग्याची काळजी होती, असं सांगितलं जायचं. पण लष्कराचा पैसा म्हटल्यावर शंका येणारच.

१९७४ च्या सुमारास वर्तमानपत्रांतून आरोप झाले. पक्षी कुठून कुठे जातात, त्यांच्या अंगावर कोणते विषाणू राहू शकतात ही माहिती उद्या शत्रूने रोग पसरवायला वापरली तर? त्याच वेळी दिल्लीत डासांवर परदेशी पैशाने चाललेला एक प्रयोगही वादात सापडला होता. दोन्ही विषय एकत्र चर्चेत आले. संसदेच्या लोकलेखा समितीने चौकशी केली आणि अशा परदेशी पैशाच्या कामांवर सरकारची देखरेख कमी पडली, असे ताशेरे ओढले.

सलीम अली तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे. आयुष्यभर ज्याने पक्ष्यांशिवाय दुसरं काही बघितलं नाही, त्याच्याकडे परक्यांचा माणूस म्हणून बोट दाखवलं गेलं. त्यांना ते फार लागलं. आपल्या कामात लपवण्यासारखं काही नाही, सगळं उघड आहे, ही त्यांची बाजू होती. पण प्रश्न विचारणारे सगळे वेडे होते असंही नाही. आपल्या देशातल्या रोगाची माहिती कुणाच्या पैशाने गोळा होते आणि कुणाकडे जाते, हे विचारण्याचा हक्क जनतेला आहेच. झालं एवढंच, की पैशावरच्या भांडणात मूळ काम मागे पडलं. पक्ष्यांमधल्या विषाणूवर लक्ष ठेवण्याची गरज तेव्हाही खरी होती, आजही खरी आहे.

बगळा, डुक्कर आणि डास

गोचिडाचं झालं, आता डासाचं. जपानी मेंदूज्वर आपल्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याला नवा नाही. भारतात तो पहिल्यांदा १९५५ मध्ये तामिळनाडूत वेल्लोर भागात ओळखला गेला. त्याचा डास धानाच्या बांदीतल्या साचलेल्या पाण्यात वाढतो. त्याच पाण्यात बगळे, ढोकऱ्या मासे-बेडूक टिपायला उतरतात. डास बगळ्याला चावतो, बगळ्याच्या रक्तात विषाणू वाढतो, पण बगळा आजारी दिसत नाही. तिथून दुसऱ्या डासात, तिथून डुकरात. डुकराच्या अंगात विषाणू फार झपाट्याने वाढतो. मग डास माणसाला चावतो आणि पोराला झटके येतात. माणसाच्या रक्तात विषाणू इतका वाढत नाही की त्याला चावलेला डास पुढे रोग नेईल. त्यामुळे माणूस ही साखळीची शेवटची कडी. नुसत्या माणसांवर लक्ष ठेवलं तर रोग कळतो तो उशिरा. पक्षी, डुक्कर आणि डास तपासले तर आधी कळतो.

असाच दुसरा डासाचा विषाणू म्हणजे वेस्ट नाईल. १९३७ मध्ये आफ्रिकेत युगांडात सापडलेला. मुंबईतल्या लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा १९५२ मध्येच मिळाल्या होत्या. सलीम अली गेल्यानंतर बारा वर्षांनी, १९९९ मध्ये, हा विषाणू अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात पोचला. तिथे आधी कावळे पटापट मरून पडले, प्राणिसंग्रहालयातले पक्षी गेले. माणसांना मेंदूज्वर झाला तेव्हा डॉक्टरांना वाटलं, हा तिकडचाच जुना रोग आहे. पण त्या जुन्या रोगात पक्षी असे मरत नाहीत, हे प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरांनी लावून धरलं. दोन्हीकडची माहिती जुळवली तेव्हा खरा विषाणू ओळखला गेला. त्यानंतर तिकडे मेलेल्या कावळ्यांच्या नोंदी, डासांचे सापळे, मुद्दाम उघड्यावर पाळलेल्या कोंबड्यांचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासणं, हे सगळं साथ ओळखायच्या कामाला लागलं. मेलेला कावळा म्हणजे गावासाठी आधीच वाजलेली घंटा, हे जगाला कळलं.

एक चूकही

सलीम अली देव नव्हते. भरतपूरचं पाणथळ त्यांच्या प्रयत्नाने वाचलं, नाहीतर तिथे पाणी काढून शेती करायचा बेत होता. पण पुढे तिथे म्हशींची चराई बंद करावी या बाजूचं त्यांचं मत होतं. १९८२ मध्ये बंदी आली, आजूबाजूची गावं खवळली, पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. नंतर सोसायटीच्याच अभ्यासकांनी वर्षानुवर्षं पाहणी केली, तेव्हा उलटंच निघालं. म्हशी गवत खायच्या म्हणून पाणी मोकळं राहायचं. चराई थांबल्यावर गवत माजलं आणि पक्ष्यांना जागा कमी पडली. गावकऱ्याला विचारल्याशिवाय जंगलाचा निर्णय घेतला की काय होतं, याचा हा धडा. तो धडा त्यांच्याच संस्थेने लपवला नाही, ही त्यांचीच शिकवण म्हणायची.

मान-सन्मान खूप मिळाले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ रिप्ली यांच्याबरोबर भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर दहा खंड लिहिले. परदेशातून मिळालेली मोठी बक्षिसाची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाला दिली. मोटारसायकलचा भारी नाद. १९५० मध्ये स्वीडनच्या परिषदेला जाताना आपली गाडी बोटीने युरोपात नेली होती. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. त्याच वर्षी आत्मचरित्र आलं, त्याच्या नावातही बालपणीची ती चिमणी आहेच. १९८७ मध्ये नव्वदीत मुंबईत त्यांचं निधन झालं.

वळं आता गावाच्या हातात

२०१५ मध्ये गोव्यात सत्तरीला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला माकडताप आला. काजूच्या बागा साफ करायला गेलेली माणसं आजारी पडली. तिथेही आधी माकडं मेली होती. म्हणजे घंटा वाजते, ऐकणारा पाहिजे.

त्यासाठी दुर्बीण लागत नाही, डोळे उघडे पाहिजेत. जंगलात किंवा बागेत माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नये, पोरांना आणि कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नये, वनरक्षकाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावं. कावळे, बगळे, कोंबड्या अचानक एकापाठोपाठ मरू लागल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावं. मोबाईलवर फोटो काढावा, जागा आणि तारीख लिहून ठेवावी. जंगलातून आल्यावर अंगावर, गुरांच्या कानामागे, कासेजवळ गोचीड बघावा. डुकरं घरापासून लांब ठेवावीत, पोरांना मच्छरदाणीत झोपवावं, लसीकरण चुकवू नये. आणि रोगाच्या भीतीने बगळ्यांची झाडं तोडू नयेत, पक्षी मारू नयेत. पक्षी मारून डास मरत नाही.

एखाद्या पक्ष्याच्या पायात वळं दिसलं तर त्याचा नंबर टिपून घ्यावा आणि वनखात्याला कळवावा. पक्षी जिवंत असेल तर सोडून द्यावा. कुणीतरी कुठल्या तरी तळ्यावर पहाटे उठून ते वळं घातलेलं असतं आणि नंबर कळण्याची वाट बघत असतं.